बर्लिनमधील क्रॉइत्सबेर्ग ही वस्ती पाहावी कशी?

पायवाट (प्रश्नकर्ती)

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये कामानिमित्त बर्लिनला जाणे होणार आहे आणि काम आटोपल्यावर शनिवार-रविवार असे दोन दिवस मोकळे मिळणार आहेत. मोठी संग्रहालये आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजा मागील भेटीत पाहून झाले, त्यामुळे या वेळी शहरभर धावण्याऐवजी एकच वस्ती पायी हिंडून पाहावी असे ठरवले आहे, ती म्हणजे क्रॉइत्सबेर्ग. तिच्याविषयी जे वाचले ते बहुतेक एकाच साच्यातले निघाले. तुर्की दुकाने, भिंतींवरची रंगीत चित्रे, कलावंत, रात्रभर चालणारे क्लब आणि 'बोहेमियन वातावरण' हे शब्द प्रत्येक लेखात येतात. पण इतके वेगवेगळे लोक याच एका कोपऱ्यात कसे एकत्र आले, हे कोणीही सांगत नाही.

माझी शंका अशी आहे की, मी तेथे गेले तर चार चित्रांची छायाचित्रे काढीन, कॉफी पिईन आणि वस्ती पाहिल्याच्या समजुतीत परत येईन. तेथे राहिलेल्या किंवा वारंवार गेलेल्या कोणी, कोठून सुरुवात करावी आणि नेमके काय पाहावे, हे सांगितल्यास आभारी राहीन. शिवाय ज्या बंडखोर, कलंदर जीवनासाठी ही वस्ती प्रसिद्ध झाली ते आज तेथे खरोखर उरले आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

कालव्याकाठी

मी या वस्तीत नऊ वर्षे राहिले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपण विचारलेला 'कसे एकत्र आले' हा प्रश्नच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ठाऊक असेल तर रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

ही वस्ती कोणी ठरवून बहुसांस्कृतिक केलेली नाही. ती कोपऱ्यात अडकली म्हणून तशी झाली. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभी राहू लागली आणि तोवर शहराच्या मध्याला लागून असलेला क्रॉइत्सबेर्गचा पूर्व भाग पाहता पाहता पश्चिम बर्लिनच्या टोकाला जाऊन पडला. त्याच्या तीन बाजूंना भिंत आली, रस्ते मध्येच तुटले, आणि ज्यांना दुसरीकडे घर परवडत होते त्यांनी हळूहळू बस्तान हलवले. पूर्व बर्लिनमधून रोज कामाला येणारे कामगारही बंद झाले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. आलेल्यांना 'पाहुणे कामगार' म्हटले गेले आणि दोन वर्षांनी त्यांना परत पाठवायचे असा सुरुवातीचा हिशेब होता. परंतु हाताशी तयार झालेला माणूस घालवून पुन्हा नवा शिकवणे कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली.

पुढचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. १९७३ मध्ये सरकारने परदेशी कामगारांची भरती थांबवली. त्यामुळे त्यांची संख्या घटेल अशी अपेक्षा होती, पण एकदा गावी गेलो तर परतीचे दार बंद होईल हे ओळखून अनेकांनी बायकामुलांनाच इकडे बोलावून घेतले. १९७५ मध्ये बर्लिनच्या प्रशासनाने क्रॉइत्सबेर्गसह तीन विभागांत परदेशी नागरिकांना नव्याने राहायला येण्यास बंदी घातली, आणि तशी नोंद लोकांच्या पारपत्रांत होऊ लागली. आज ज्या 'तुर्की रंगा'ची जाहिरात केली जाते, तो रंग आवरण्यासाठी एकेकाळी कायदा करावासा वाटला होता, हे लक्षात ठेवून ओरानियनस्ट्रासे या येथील मुख्य रस्त्यावरून चालावे.

दुसरा प्रवाह जर्मन तरुणांचा. पश्चिम बर्लिन दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असल्यामुळे तेथील रहिवाशांना सक्तीची लष्करी सेवा लागू नव्हती. ती टाळू पाहणारे विद्यार्थी, चित्रकार आणि वादक देशभरातून येथे आले, कारण मोडकळीस आलेल्या घरांतील खोल्या येथे जवळपास फुकट मिळत. म्हणजे कामगार आणि कलंदर एका ओढीने आले नाहीत. पडक्या घरांच्या स्वस्त भाड्याने त्यांना शेजारी केले. त्यांच्यात मैत्री झाली तशी कुरबुरही पुष्कळ झाली, आणि पर्यटनाच्या पत्रकांत नेमका हाच तपशील गाळला जातो.

आता मार्ग. कॉटबुसर टोअर या स्थानकावर उतरावे. उन्नत मार्गावरून धावणारी यू १ ही गाडी घ्यावी, कारण १९०२ मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या पहिल्या मेट्रोमार्गाचा हा भाग आहे आणि खिडकीतून वस्ती दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून दिसते. स्थानकाजवळच आडालबेर्टस्ट्रासेवर विभागाचे स्वतःचे संग्रहालय आहे आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. तेथे पहिले दोन तास द्यावेत. बाहेर पडल्यावर तोच रस्ता वेगळा दिसू लागतो.

तेथून उत्तरेला मारियाननप्लात्सवर बेथानियन ही जुन्या इस्पितळाची दोन मनोऱ्यांची इमारत आहे. ती १८४७ मध्ये पुरी झाली, आणि लेखक थिओडोर फोंटाने पूर्णवेळ लेखनाकडे वळण्यापूर्वी येथे औषधे बनवण्याचे काम करीत असे. १९७० मध्ये इस्पितळ बंद पडले, आणि डिसेंबर १९७१ मध्ये आवारातील परिचारिकांच्या रिकाम्या निवासाचा ताबा बेघर व कामगार तरुणांनी घेतला. ते घर आजही सामूहिक निवास म्हणून चालते. मुख्य इमारतीत कलादालन आहे आणि आत फिरता येते.

तेथून काही पावलांवर, थॉमस चर्चच्या मागे, फळ्या आणि भंगार जोडून उभारलेले एक दुमजली खोपटे व त्याभोवतीची भाजीची बाग आहे. ओस्मान कालिन या तुर्की गृहस्थाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे कांदे-लसूण लावायला घेतले. गंमत अशी की, हा तुकडा कायद्याने पूर्व बर्लिनचा होता, पण भिंत बांधताना तेथील वळण टाळून ती सरळ नेली गेल्यामुळे तो पश्चिमेकडे उरला होता. पश्चिमेच्या पोलिसांचा त्यावर अधिकार चालत नव्हता, आणि पूर्वेचे सैनिक येऊन चौकशी करून गेले, पण त्यांनी हरकत घेतली नाही. कालिन २०१८ मध्ये वारले. बाग अजून आहे. माझ्या मते वस्तीतील दहा भित्तिचित्रांपेक्षा हा वाफा अधिक सांगतो.

नकाशेवाला

वरील प्रतिसादाला नगररचनेच्या अंगाने पुरवणी जोडतो, कारण 'पडकी, स्वस्त घरे' ही काही नैसर्गिक आपत्ती नव्हती. कॉटबुसर टोअर आणि ओरानियनप्लात्स यांवरून शहरांतर्गत द्रुतगती महामार्ग नेण्याचा आराखडा युद्धोत्तर काळात तयार होता. ज्या घरांवर पुढेमागे बुलडोझर फिरणार होता, त्यांच्या छपरांवर आणि नळांवर कोणता मालक खर्च करील? पाडकामाची वाट पाहणारी घरे अल्पमुदतीने स्थलांतरितांना भाड्याने देणे हा मालकांना सोपा मार्ग वाटला. स्थानकासमोर रस्त्यावरून आरपार गेलेली जी प्रचंड वाकडी इमारत दिसते, ती १९७४ मध्ये पूर्ण झाली आणि तिने मुद्दाम त्या नियोजित महामार्गाकडे पाठ केली आहे. महामार्ग कधी झालाच नाही. पाठ मात्र तशीच आहे.

ती घरे वाचली ती लोकांच्या हट्टामुळे. १९८१च्या सुमारास पश्चिम बर्लिनमध्ये दीडशेहून अधिक रिकाम्या घरांचा लोकांनी ताबा घेतला होता आणि त्यांतील मोठा वाटा क्रॉइत्सबेर्गमध्ये होता. ताबा घेणारे केवळ घुसून बसत नसत. ते छप्पर शाकारत, नळ जोडत आणि 'दुरुस्तीसाठी ताबा' अशा अर्थाचा शब्द अभिमानाने वापरत. पुढे १९८७च्या आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनाच्या निमित्ताने, वास्तुविशारद हार्ट-वाल्टहेर हेमर यांच्या पुढाकाराने, पाडण्याऐवजी राहत्या लोकांसह घरे सुधारण्याचे धोरण शहराने मान्य केले. आज जुन्या शहराचा जो देखणा सलग तुकडा पर्यटकांना भुरळ घालतो, त्याचे श्रेय ताबा घेणाऱ्यांच्या हट्टाला आणि या धोरणाला आहे.

आपणास एक विनंती करतो. दर्शनी इमारतींवर नजर न थांबवता, एखादे फाटक उघडे असेल आणि आत दुकान किंवा कार्यशाळा असेल तर मागच्या चौकात डोकावावे. रस्त्यालगतच्या घरामागे दुसरे, कधी तिसरेही घर असते. १८५३च्या नियमानुसार चौक अग्निशामक बंब वळेल एवढा, म्हणजे कमीतकमी ५.३४ मीटर लांब-रुंद असला की पुरे होई, आणि मालकांनी बहुतेकदा तेवढाच ठेवला. पुढे सुखवस्तू कुटुंब, मागे अंधाऱ्या खोल्यांत मजूर, आणि चौकात सुतार किंवा छापखाना असा निवास आणि उद्योग यांचा जो सरमिसळ प्रकार आहे, त्याला 'क्रॉइत्सबेर्गची मिसळण' असे नावच पडले आहे. स्थलांतरित येण्याच्या कितीतरी आधीपासून ही वस्ती सरमिसळीची होती.

शब्दवेल्हाळ

थोडे विषयाच्या काठाने जातो, पण प्रश्नात 'बोहेमियन' हा शब्द आलाच आहे. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. फ्रान्समध्ये भटक्या रोमा लोकांना, ते तिकडून आले अशा समजुतीने, हे नाव दिले गेले, आणि एकोणिसाव्या शतकात तेच पॅरिसमधील फाटक्या खिशाच्या कलावंतांना चिकटले. म्हणजे कलंदरपणाचा हा गौरवशब्द मुळात परक्याला ओळखण्यात झालेल्या चुकीतून जन्मला.

आणि योगायोग पाहा, क्रॉइत्सबेर्गच्या दक्षिणेला लागून असलेल्या नॉयकॉल्न विभागात खरेखुरे बोहेमियन राहत होते. कॅथलिक राजवटीतील छळामुळे घर सोडलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म पहिला याने १७३७ मध्ये रिक्सडोर्फ गावात वसवले. लहान घरे, अंगणे आणि जुने लोहारकामाचे ठिकाण असलेला तो खेडेवजा भाग मोठ्या इमारतींच्या मधोमध आजही टिकून आहे. रविवारी सकाळी तासभर काढून तेथे जावे. मग आपण म्हणू शकाल की, बर्लिनमधील बोहेमियन वस्ती मी खरोखर पाहिली.

पायवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आता दोन व्यावहारिक शंका आहेत. कॉटबुसर टोअर आणि ग्योर्लित्सर पार्क यांविषयी वाचताना अमली पदार्थांच्या विक्रीचा उल्लेख वारंवार आला. एकट्या बाईने तेथे फिरणे कितपत योग्य ठरेल? आणि दुसरे असे की, लोकांच्या घरांचे, चौकांचे, बाजाराचे छायाचित्र घेणे मला मुळातच अवघड वाटते. तेथे याविषयी काय रीत आहे?

कालव्याकाठी

दोन्ही ठिकाणी विक्रेते उघडपणे उभे असतात हे खरे आहे. दिवसा मी मुलांना घेऊन त्या उद्यानातून जात असे आणि मान हलवून नकार दिल्यापलीकडे कधी काही करावे लागले नाही. रात्री मात्र उद्यान टाळून रस्त्याने जात असे. स्थानकातील गर्दीत खिसा सांभाळावा. ते उद्यान पूर्वी ग्योर्लित्स शहराकडे जाणाऱ्या गाड्यांचे स्थानक होते, हे माहीत असले की त्याचा तो लांबट, खोलगट आकार कळतो.

छायाचित्रांबाबत आपला संकोच योग्य आहे. जर्मनीत ओळखू येईल असा चेहरा विचारल्याशिवाय टिपणे आणि प्रसिद्ध करणे लोकांना खपत नाही, आणि कायदाही त्यांच्या बाजूचा आहे. सामूहिक निवासांच्या चौकात तर कॅमेरा काढूच नये. लहान दुकानांत रोख पैसे लागतात, म्हणून थोडे युरो जवळ ठेवावेत. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात हेही गृहीत धरावे. मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावरील प्रसिद्ध तुर्की बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो, त्यामुळे तो आपला चुकेल, परंतु शनिवारी त्याच काठावर कापडाचा बाजार असतो आणि तो मला अधिक आवडतो.

ओरानियनस्ट्रासेवर चालताना पायांखालीही पाहावे. घरांच्या दारांपुढे पितळी पत्र्याचे हातभर नव्हे, वीतभरही नसलेले चौकोनी दगड बसवलेले दिसतील. नाझी राजवटीत त्या घरातून नेल्या गेलेल्या माणसाचे नाव, जन्मवर्ष आणि शेवट त्यांवर कोरलेला असतो. शिल्पकार गुंटर डेमनिग यांनी बर्लिनमधील असे पहिले दगड १९९६ मध्ये याच रस्त्यावर, परवानगी न घेता बसवले. परवानगी नंतर मिळाली. पुढे कालव्याकाठी फ्रेंकलउफरवर १९१६ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, केवळ एक बाजूचा भाग उरला आहे आणि तेथे आजही प्रार्थना होते. तुर्की कुटुंबे ज्या खोल्यांत राहायला आली, त्या खोल्यांना त्याआधीचाही इतिहास होता.

दुसरी बाजू

सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी त्यांत किंचित हळवेपणा डोकावतो असे वाटल्यावाचून राहिले नाही. प्रश्नकर्तीने विचारलेल्या अखेरच्या प्रश्नाला, म्हणजे हे जीवन आज उरले आहे का याला, कोणी हात घातलेला नाही.

१९८९ मध्ये भिंत पडली आणि टोकाची वस्ती पुन्हा शहराच्या मध्यात आली. जमिनीची किंमत वाढायला हेच पुरेसे होते. कुव्रीस्ट्रासेवर ब्लू या इटालियन कलावंताच्या पुढाकाराने २००७ आणि २००८ मध्ये काढलेली दोन अजस्र भित्तिचित्रे बर्लिनची ओळख बनली होती. समोरच्या मोकळ्या जागेवर बांधकाम व्हायचे ठरले आणि चित्रांचे दर्शन हा त्या नव्या घरांचा विक्रीगुण ठरेल हे दिसू लागले, तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये एका रात्रीत, खुद्द कलावंताच्या संमतीने, दोन्ही चित्रे काळ्या रंगाने पुसून टाकण्यात आली. आजही मार्गदर्शक पर्यटकांना ती भिंत दाखवतात असे ऐकतो. भित्तिचित्रे पाहण्यासाठी जाणाऱ्याने निदान ही काळी भिंत कशामुळे काळी झाली, हे जाणून घ्यावे.

विरोध अजून संपलेला नाही. मे २०१२ मध्ये कॉटबुसर टोअरच्या भाडेकरूंनी वाढत्या भाड्यांविरुद्ध चौकातच लाकडी खोपटे उभारले आणि त्याला तुर्की भाषेतील 'रातोरात बांधलेले घर' या अर्थाचे गेजेकोंदू हे नाव दिले. डोक्याला रुमाल बांधलेल्या आजी, निवृत्त जर्मन कामगार आणि विद्यार्थी त्यात पाळीने बसत. गुगलने येथील जुन्या वीज उपकेंद्रात नवउद्योगांसाठी केंद्र काढण्याचा बेत केला होता. दोन वर्षांच्या निदर्शनांनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ती जागा सामाजिक संस्थांना देण्याचे जाहीर करून कंपनीने बेत सोडला.

परंतु या विरोधालाही गुंता आहे, आणि तो समजून घ्यायचा असेल तर १८९१ मध्ये उघडलेल्या मार्क्टहाले नॉइन या मंडईत शनिवारी जावे. २०११ मध्ये ती सटोडियांच्या हाती जाण्यापासून वाचली, तेव्हा परिसराला आनंद झाला. नव्या चालकांनी तेथे उत्तम पाव, चीज आणि शेतकऱ्यांचा माल आणला. २०१९ मध्ये मात्र आतील स्वस्त सुपरमार्केट काढण्याचे घाटू लागले तेव्हा याच शेजाऱ्यांनी मोर्चे काढले, कारण ती सुंदर भाजी त्यांना परवडत नव्हती. मंडई वाचवणारे आणि मंडईतून हद्दपार होणारे, हे दोन्ही स्वतःला खरे क्रॉइत्सबेर्गकर म्हणवत होते. कलंदर जीवन उरले आहे का, याचे माझे उत्तर असे की, जुन्या भाडेकरारांत ते उरले आहे. ज्याच्याकडे वीस वर्षांपूर्वीचा करार आहे तो अजून चित्रे काढू शकतो. आज नव्याने येणाऱ्या चित्रकाराला तेथे खोली मिळणे कठीण आहे.

कालव्याकाठी

हळवेपणाचा आरोप मान्य आहे. मीदेखील भाडे वाढल्यावरच तेथून बाहेर पडले. एवढेच सुचवते की, नावांच्या पाट्याही वाचाव्यात, कारण तेथील वाद पाट्यांवर उमटतात. स्प्रे नदीकाठच्या एका रस्त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रांडेनबुर्गची वसाहत स्थापणाऱ्या ग्रोबेन याचे नाव होते; २०१० पासून तेथे माय आयिम या कृष्णवर्णीय जर्मन कवयित्रीचे नाव आहे. हाइनरिखप्लात्स २०२२ मध्ये गायक रिओ रायझरच्या नावाचा झाला, म्हणजे राजपुत्राच्या जागी बेथानियनच्या ताब्याचे गाणे गाणारा आला.

पायवाट

परत येऊन दहा दिवस झाले. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तांत देणे लागते.

संग्रहालयात दोन तासांऐवजी साडेतीन तास गेले, त्यामुळे पहिल्या दिवसाचा आराखडा कोलमडला. बेथानियनपाशी पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. कालिन यांच्या बागेच्या कुंपणाबाहेर बराच वेळ उभी होते; भिंतीचे तेथे आता नामोनिशाण नाही, त्यामुळे ती होती कोठून हे मला कळेना, आणि शेवटी जमिनीच्या त्या विचित्र तिकोनी आकारावरूनच अंदाज बांधावा लागला. कापडाच्या बाजारात अस्तराचे दोन मीटर कापड घेतले. विक्रेता माझ्याशी जर्मनमध्ये, शेजारच्या गाळेवाल्याशी तुर्कीत आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलत होता, आणि तिन्ही भाषांत घासाघीस सारख्याच निर्धाराने नाकारत होता.

रविवारी पावसामुळे रिक्सडोर्फ अर्धवटच पाहिले. काळी भिंत शोधायला गेले तेव्हा समोर नवी इमारत उभी होती, आणि छायाचित्र घेण्यासारखे तेथे काहीच नसल्यामुळे मी ते घेतले नाही. ओरानियनस्ट्रासेवरचे पितळी दगड मात्र वाकून वाचावे लागतात, आणि वाचायला थांबले की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवतो. तिसऱ्यांदा तसे झाले तेव्हा एक वयस्क बाई दुकानातून बाहेर आल्या आणि काही न बोलता माझ्या मागे, सायकलींच्या वाटेत, मी वाचून संपवेपर्यंत उभ्या राहिल्या.